वाटखर्चाचा हिशोब आणि घेणारीचा मान

स्मरणिकेत जमाखर्चाचे पान सर्वांत शेवटी छापतात आणि हातात पडताच पुष्कळजणी तेच आधी उघडतात. यात गैर काही नाही. महिन्याच्या खर्चातून बाजूला काढून जिने वर्गणी भरली, तिला आपला पैसा कुठे गेला हे पाहण्याचा पुरा अधिकार आहे. मंडळे मोडतात ती पुष्कळदा भांडणाने नव्हे, तर न दाखवलेल्या वहीने मोडतात, हे जुन्याजाणत्या सभासदांना सांगायला नको.

परंतु त्या पानावर एक ओळ अशी आहे की तिच्यावर गेल्या सर्वसाधारण सभेत बरीच चर्चा झाली. ती ओळ म्हणजे प्रवास-साहाय्य निधी. परगावी परीक्षेला किंवा मुलाखतीला जाणारी मुलगी, शिक्षणासाठी प्रथमच घर सोडणारी मुलगी, औषधोपचारासाठी मुंबईच्या खेपा घालणारी भगिनी, तसेच मंडळाच्या वतीने परिषदेला जाणारी कार्यकर्ती, या सर्वांचा वाटखर्च याच निधीतून होतो. सभेत एका भगिनीने विचारले, "पैसा सर्वांचा आहे, मग कोणाला दिला हे नावानिशी छापायला काय हरकत?" त्यावर मागच्या रांगेतून दुसऱ्या म्हणाल्या, "नाव छापणार असाल तर मी बांगडी गहाण ठेवीन, पण अर्ज करणार नाही." दोघींनाही टाळ्या मिळाल्या, आणि निर्णय या वर्षीच्या सभेवर गेला. मला इतिहासाची थोडी आवड असल्यामुळे चिटणीसबाईंनी या विषयावर चार शब्द लिहावयास सांगितले. माझे मत आहेच. पण ते सांगण्यापूर्वी, वाटखर्च मागून दूर गेलेल्या आपल्या पूर्वीच्या बायांनी हा प्रश्न कसा निभावला, ते पाहू.

प्रथम आठवतात त्या अर्थातच डॉ. आनंदीबाई जोशी. त्यांची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. परंतु या गोष्टीत वाटखर्चाचा एक वेगळाच धडा आहे, तिकडे आपले लक्ष जात नाही. १८७८ साली गोपाळराव जोशी कोल्हापुरास टपाल खात्यात होते. पत्नीला अमेरिकेत शिकवावे आणि आपल्यालाही तिथे काही काम मिळावे, या हेतूने त्यांनी तिकडे मदतीसाठी पत्र लिहिले. ते प्रिन्स्टन येथील वाइल्डर नावाच्या पाद्रीसाहेबांच्या हाती गेले. वाइल्डर यांनी उत्तरात धर्मांतराचा उपदेश केला आणि तो सारा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापून टाकला. म्हणजे कोल्हापुरातल्या एका कारकुनाची गरज आणि त्याच्या घरातल्या अल्पवयीन मुलीची आकांक्षा हजारो मैलांवरच्या अनोळखी वाचकांसमोर उघडी पडली.

पुढे काय झाले ते मात्र विलक्षण आहे. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाई दाताच्या डॉक्टरकडे आपल्या पाळीची वाट पाहत बसल्या होत्या. तेथे त्यांच्या हाती १८८० साली ते मासिक पडले. त्यांनी सहज वाचले आणि आनंदीबाईंना पत्र लिहिले. त्या पत्रांतून असे नाते जुळले की आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या आणि पुढे त्यांच्याच घरी जाऊन उतरल्या. एकाच छापील पानाचे असे दोन परिणाम झाले. एका वाचणाऱ्याला त्यात उपदेशाची संधी दिसली, दुसरीला त्यात माणूस दिसले. माहिती उघड झाली नसती तर मावशी भेटल्या नसत्या, हे खरे. पण म्हणून परवानगीवाचून छापणे योग्य ठरते असे नाही. एखादीच्या नशिबी कार्पेंटरबाई येतात. बाकीच्यांच्या वाट्याला उपदेश येतो.

यापुढचा प्रसंग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. गोपाळरावांची बदली बंगालमध्ये श्रीरामपूरला झाली. बाई एकटी विलायतेला जाणार ही वार्ता पसरली आणि लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई स्वतः उभ्या राहिल्या. वय अठरा वर्षेही पुरे नव्हते. त्यांनी इंग्रजीतून भाषण केले आणि लोक मागे जे प्रश्न विचारीत होते ते एकेक करून पुढे घेतले. मी अमेरिकेलाच का जाते? हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय? एकटी का जाते? परत आल्यावर मला वाळीत टाकणार नाहीत काय? संकट आले तर काय करीन? कोणी बाई करीत नाही ते मीच का करावे? या सहा प्रश्नांची त्यांनी उत्तरे दिली आणि मी हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन, असे निक्षून सांगितले. भाषणाची वार्ता वर्तमानपत्रांतून गेली. ठिकठिकाणांहून मदत आली. खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी दोनशे रुपये दिले. आनंदीबाईंनी स्वतःच्या सोन्याच्या बांगड्याही विकल्या. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यू यॉर्कला उतरल्या.

या भाषणातील प्रश्न पुन्हा एकदा पाहा. ते सारे कामाचे प्रश्न आहेत. कुठे, कशासाठी, कोणत्या अटीवर. आनंदीबाईंनी समाजाला आपल्या हेतूचा हिशोब चोख दिला, तोही आपल्या तोंडाने, आपण ठरवलेल्या वेळी. घरात काय चालते, नवऱ्याचा स्वभाव कसा, लहान वयात काय काय सोसले, हे त्या वर्गणीची किंमत म्हणून कोणापुढे मांडावे लागले नाही. ते त्यांनी खासगी पत्रांतून लिहिले. त्या वारल्या २६ फेब्रुवारी १८८७ रोजी. आणि १८८९ साली काशीबाई कानिटकरांनी त्यांचे चरित्र लिहिले तेव्हा त्यातील पुष्कळ पत्रे जगापुढे आली. काशीबाईंचे आपल्यावर उपकारच आहेत, कारण तेवढ्यामुळे आपल्याला खरी आनंदी कळली. तरी एवढे ध्यानात ठेवावे की ती पाने छापण्यापूर्वी ज्यांना विचारायचे त्या हयात नव्हत्या. आपल्या निधीतून वाटखर्च घेणारी भगिनी मात्र हयात आहे, शेजारच्याच वाड्यात राहते आणि तिला विचारता येते.

या कथेत हिशोबाचाही एक धडा आहे. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातील स्त्री-विभागात त्यांची नेमणूक झाली. पण त्या आल्या त्याच क्षयाने खंगून, आणि एकाही दिवसाचे काम न करता गेल्या. वार्षिक जमाखर्चात 'दिलेल्या मदतीचे फळ' असा रकाना असता, तर तिथे काय लिहिले असते? खर्च बुडीत, एवढेच. आज त्या खर्चाला बुडीत म्हणणारा कोणी भेटणार नाही. तेव्हा 'अमकीला पैसे दिले, पण ती नापास झाली, नाव जाहीर करा' असे म्हणण्यापूर्वी थोडे थांबावे.

त्याच १८८३ साली पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या. त्यांची तऱ्हा निराळी. त्यांनी 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले आणि त्याच्या विक्रीतून आपला प्रवासखर्च उभा केला. घेणाऱ्याच्या हाती पुस्तक, देणारीच्या हाती तिकिटाचे पैसे. त्यात दोघांचाही मान राहिला. पुढे त्या अमेरिकेत गेल्या, आणि १८८७ च्या डिसेंबरात बोस्टन येथे त्यांच्या कार्यासाठी रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. दहा वर्षे मदत देण्याचे वचन तिने दिले आणि वर्षावर्षाचे अहवाल छापले. पैशाच्या बाबतीत याहून उघड व्यवहार कोणता? ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झाले, पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. तरीही १८९३ साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार राजीनामे देऊन बाजूला झाले आणि काही पालकांनी मुली काढून नेल्या. हे भांडण पैशाचे नव्हतेच. सदनात धर्माच्या बाबतीत काय चालेल आणि काय चालणार नाही, या अटीचा अर्थ दोन्ही बाजूंनी वेगवेगळा घेतला होता. त्यापायी कोणती मुलगी कोणाच्या प्रार्थनेला बसते, ही घरातली गोष्ट वर्तमानपत्रात गेली. यावरून मी एवढेच घेते की नुसते आकडे छापून उघडपणा पुरा होत नाही. नियम आधी लिहावा आणि तो सर्वांना कळावा. नियम स्पष्ट नसला की लोक माणसांकडे बोट दाखवू लागतात.

लेखी नियमाचे एक उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १९१३ साली सयाजीराव गायकवाड महाराजांनी तरुण भीमराव आंबेडकरांना अमेरिकेत शिकण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड शिष्यवृत्ती दिली. परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांनी लिहून दिला होता. ही मदत संस्थानची होती, मंडळाची नव्हे. पण किती, किती दिवस आणि कोणत्या अटीवर, हे तिघेही प्रश्न आधीच कागदावर होते. घेणाऱ्याला गयावया करण्याचे कारण उरले नाही.

आणखी एक रीत जमशेटजी टाटांची. १८९२ साली त्यांनी उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांकरिता जो निधी उभारला, तो दान म्हणून नव्हे, तर कर्जाऊ शिष्यवृत्तीचा. शिकून मिळवते व्हा आणि परत फेडा, म्हणजे तोच पैसा पुढच्याला जाईल. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे या निधीच्या अगदी पहिल्या मानकऱ्यांत दोन स्त्री-डॉक्टर होत्या, फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर. त्यांची नावे आजही अभिमानाने घेतली जातात. का बरे? कारण त्यांची निवड गुणांवरून झाली होती. गुणाला दिलेली मदत मिरवता येते. गरजेला दिलेली मदत मिरवता येत नाही. आपल्या सभेत ज्या दोन भगिनींचे मतभेद झाले, त्यातील एकीच्या डोळ्यांपुढे पहिली मदत होती आणि दुसरीच्या डोळ्यांपुढे दुसरी, अशी माझी समजूत आहे.

तिसराही एक प्रवास असतो, तो संस्थेच्या कामासाठी केलेला. महर्षी कर्व्यांच्या आश्रमाच्या पार्वतीबाई आठवले १९१८ साली अमेरिकेत गेल्या, तेव्हा त्यांचे वय अठ्ठेचाळीसच्या घरात होते आणि इंग्रजी बेताचे. इंग्रजी शिकावे आणि आश्रमासाठी निधी मिळवावा, हा हेतू. तिथे त्यांनी परक्यांच्या घरी घरकाम करून दिवस काढले आणि १९२० साली त्या परतल्या. पुढे १९२८ साली 'माझी कहाणी' या आत्मचरित्रात त्यांनी हे सारे स्वतः लिहिले. खुद्द कर्वे सत्तरी ओलांडल्यावर १९२९ साली जगप्रवासाला निघाले आणि १९३० च्या अखेरीस पुन्हा आफ्रिकेत गेले, तेही स्त्रीशिक्षणाच्या कार्यासाठी. असा प्रवास मुळातच सार्वजनिक असतो. कोण गेले, कुठे गेले, किती खर्च झाला आणि काय मिळाले, हे सांगणे तिथे कर्तव्यच ठरते. तिथे खासगीपणाचा पडदा धरणे बरे नव्हे.

आता मूळ प्रश्नाकडे वळते. वाटखर्च या एका शब्दाखाली आपण तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधल्या, म्हणून गुंता झाला. तिन्हींना एकच नियम लावला तर कुठे तरी अन्याय होणारच. मंडळाची प्रतिनिधी म्हणून जाणाऱ्या बाईचे नाव, गाव, तिकीट, मुक्काम, सारे छापावे. गुणांवरून निवडलेल्या मुलीचे नाव तिच्या संमतीने छापावे आणि तिच्या घरच्या परिस्थितीविषयी अक्षरही लिहू नये. गरजेपोटी मदत घेणाऱ्या भगिनीच्या बाबतीत किती जणींना, एकूण किती आणि कमाल किती दिले, एवढे छापावे. नाव छापू नये.

कोणी म्हणेल, नाव न छापता विश्वास कसा ठेवावा? त्यासाठी नावाची नव्हे, तपासणीची गरज आहे. अर्ज व तिकिटे तीन सभासदांच्या समितीने पाहावीत, त्यांवर सह्या कराव्यात आणि मूळ कागद कुलपात ठेवून हिशोब-तपासनिसांना दाखवावेत. सार्वजनिक न्यासांना हिशोब ठेवून तो तपासून घेण्याचे बंधन १९५० च्या विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने घातलेलेच आहे. तपासनिसाने नाव पाहणे आणि सगळ्या आळीने नाव वाचणे यांत फार अंतर आहे. खासगीपणा हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले, आणि २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने कायदाही केला. पण मला वाटते, आपल्याला हे कळण्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नव्हते.

एका गोष्टीत मात्र मी नाव छापण्याच्या बाजूची आहे. कार्यकारिणीतील कोणाची मुलगी, सून, बहीण किंवा भाची यांना मदत दिली असेल, तर ते नाते उघड सांगितलेच पाहिजे आणि त्या कार्यकारिणी-सभासदाने त्या निर्णयाच्या वेळी बाहेर बसले पाहिजे. ज्यांच्या हाती किल्ली आहे त्यांनी आडपडदा मागू नये. ज्यांना तो उघडपणा नको असेल, त्यांनी आपल्याच निधीतून मदत न घेता दुसरीकडे पाहावे.

आणखी दोन बारीक सूचना. नाव न छापताही माणूस ओळखू येते. वर्षात एकीलाच उपचारासाठी मदत दिली आणि आपण 'उपचारार्थ प्रवास, एक भगिनी' असे छापले, तर ती कोण हे ओळखायला आपल्या आळीला दोन मिनिटे पुरतात. तेव्हा अशा वेळी दोन-तीन सदरे एकत्र करून आकडा द्यावा. आणि पूर्वी स्मरणिका फार तर शेजारी जात असे. आता तिच्या पानाचा फोटो मोबाईलवर संध्याकाळच्या आत सासरी-माहेरी पोचतो. एका लग्नाळू मुलीच्या बाबतीत याचा काय परिणाम होऊ शकतो, ते आयांना सांगायला नको. म्हणून पाकीट देतानाचा फोटोही गरजेच्या मदतीपुरता बंद करावा. संमती विचारायची तर ती पैसे देऊन झाल्यावर विचारावी. हातात पाकीट धरून विचारलेल्या प्रश्नाला नाही म्हणण्याचे बळ कोणात असते?

आपल्या भाषेत गुप्तदान असा एक सुंदर शब्द आहे. देणाऱ्याने नाव न सांगता दिले तर आपण त्याला पुण्यवान म्हणतो. आपल्या निधीच्या यादीतही 'एक हितचिंतक' अशी नोंद असते आणि त्यांचे नाव कोणी विचारीत नाही. देणाऱ्याला जो पडदा आपण आदराने देतो, तो घेणारीला देताना मात्र आपल्याला शंका येते. देणाऱ्याच्या गुप्ततेला शब्द आहे, घेणारीच्या गुप्ततेला शब्दच नाही. तो शब्द घडवणे कदाचित आपल्याला जमणार नाही. पण तशी रीत पाडणे आपल्या हाती आहे.

तेव्हा भगिनींनो, येत्या सभेत हात वर करण्यापूर्वी या तिन्ही प्रवासांचा वेगवेगळा विचार करावा, एवढीच माझी विनंती. वही उघडी ठेवू या, नियम भिंतीवर लावू या, समितीकडून कडक जाब घेऊ या. आणि ज्या भगिनीने गरज पडली तेव्हा परक्याच्या दाराऐवजी मंडळाचे दार ठोठावले, तिला पुढल्या हळदीकुंकवाला मान वर करून येता येईल, अशी व्यवस्था करू या. तसे झाले तर बांगडी गहाण ठेवण्याची पाळी आपल्यापैकी कोणावर येणार नाही.